ज्युलिएटच्या बोलण्यातले तारे कुठे गेले?

खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी मी पदवीच्या वर्गाला इंग्रजी साहित्य शिकवते. दुसऱ्या वर्षाला ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ होतं. अंतर्गत चाचणीत मी विचारलं होतं, ‘या नाटकातील प्रकाश आणि अंधाराच्या प्रतिमांचे कार्य स्पष्ट करा.’ उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या, तर जवळजवळ सगळ्यांत एकच उत्तर. प्रकाश म्हणजे प्रेम, अंधार म्हणजे द्वेष. प्रकाश म्हणजे जीवन, अंधार म्हणजे मृत्यू. शेवटी अंधार जिंकतो, म्हणून ही शोकांतिका. आधाराला दिलेल्या ओळीही त्याच आणि त्याच क्रमाने. गाईडमधला परिच्छेद पाठ होता, हे उघड होतं.

मुलांच्या बाजूने आधी एक सांगायला हवं. या वर्गात रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातली मुलं आहेत, तापीकाठच्या गावांतली आहेत, काही सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून एसटीने येतात. कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या घरी लेवा गणबोली, कुणाच्या घरी पावरी किंवा भिलोरी. शाळेत प्रमाण मराठी शिकायची आणि पेपर मात्र इंग्रजीत लिहायचा. तिसऱ्या किंवा चौथ्या भाषेत, तासाभरात, चारशे वर्षांपूर्वीच्या काव्यनाटकावर लिहायचं म्हटल्यावर मूल पाठांतराचा आधार घेणारच. त्याबद्दल मी कुणाला बोलले नाही आणि बोलणारही नाही.

अडचण वेगळी होती. पाठ केलेलं ते उत्तर नाटकाशी जुळतच नव्हतं.

नाटकात अंधार पहिल्यांदा येतो तो पहिल्याच प्रवेशात, रोमिओच्या वडिलांच्या तोंडून. मुलगा पहाटे गावाबाहेर भटकतो आणि ऊन वर आलं की खोलीत येऊन खिडक्या लावून घेतो, स्वतःपुरती खोटी रात्र तयार करतो, अशी त्यांची तक्रार आहे. ज्युलिएट अजून कथेत आलेलीही नाही. रोमिओचा जीव तेव्हा रोझलाइनवर आहे आणि ती त्याला दाद देत नाही. म्हणजे हा पहिला अंधार वैराचाही नाही आणि मृत्यूचाही नाही. प्रेमात पडल्याच्या कौतुकात रमलेल्या एका तरुणाने तो हौसेने ओढून घेतलेला आहे.

पुढे पाहा. दोघांची पहिली भेट रात्रीच्या मेजवानीत होते. सज्जाखालची भेट रात्रीची. लग्नानंतरची एकमेव रात्र म्हणजे रात्रच. कबरस्तानातली अखेरची भेटही उजाडण्याआधीची. रोमिओ सांगतो की रात्रीच्या घोंगडीखाली मी लपलो आहे, तुझ्या घरच्यांना दिसणार नाही. ज्युलिएट म्हणते, माझ्या तोंडावर अंधाराचा पडदा आहे म्हणून बरं, नाहीतर लाजेने लाल झालेले गाल तुला दिसले असते. उलट रोमिओचा मित्र मर्क्युशिओ आणि ज्युलिएटचा चुलतभाऊ टिबाल्ट मरतात ते भर दिवसा, भर बाजारात. टिबाल्टला मारल्याबद्दल रोमिओला हद्दपारीची शिक्षा होते तीही दिवसाच. मंगळवारी पहाटे दोघांना वेगळं करतो तो प्रकाश. उजेड वाढत जातो तसं आपलं दुःख काळवंडत जातं, असं रोमिओच बोलून दाखवतो. अंधार या दोघांना आसरा देतो आणि दिवस त्यांना पकडून देतो. तरीही ती दोघं एकमेकांना सूर्य म्हणतात, तारा म्हणतात, रात्रीतला दिवस म्हणतात. बाहेरचा उजेड वैरी आणि बोलण्यातला उजेड प्रिय, हा ताण सगळ्या नाटकभर आहे. गाईडच्या उत्तराने नेमका तोच पुसून टाकला होता.

मग मी ठरवलं की ‘कशाचं प्रतीक’ हा प्रश्न काही दिवस वर्गात आणायचाच नाही. त्याऐवजी वहीत एक तक्ता करायचा. प्रतिमा कुणाच्या तोंडी आहे, ऐकणारं कोण, वेळ कुठली, आणि त्याच्या लगेच आधी काय घडलंय. एवढंच लिहायचं. अर्थ सांगायची घाई करायची नाही. नाटकाचा सगळा काळ रविवार सकाळ ते गुरुवार पहाट एवढाच असल्यामुळे वेळ लिहिणं शक्य होतं. ज्या कथाकाव्यावरून शेक्सपिअरने नाटक घेतलं ते आर्थर ब्रूकचं, १५६२ सालचं. त्यात हीच हकिगत काही महिने चालते आणि ज्युलिएट जवळजवळ सोळा वर्षांची आहे. शेक्सपिअरने काळ पाच दिवसांच्या आत आणला आणि मुलीला चौदा पुरी व्हायला दोन आठवडे बाकी ठेवले. ही काटछाट त्याने जाणूनबुजून केलेली आहे. म्हणून तक्त्यात वेळेचा रकाना मी सोडू दिला नाही.

तक्त्याच्या आधी एक वाचन उघड्यावर केलं. या नाटकाची पहिली छापील प्रत १५९७ची, पण रंगभूमीवर ते त्याच्या थोडं आधी आलं असावं. त्या काळच्या लंडनमधली सार्वजनिक नाट्यगृहं वरून उघडी असत आणि प्रयोग दुपारी, सूर्यप्रकाशात होत. नटाच्या हातात मशाल दिसली की प्रेक्षकांनी रात्र समजायची. आमच्याकडे वहीगायनाला (हा इथला लोकगायनाचा प्रकार), तमाशाला रात्रीची सवय. रात्र मुळातच तिथे हजर असते, ती बोलून उभी करावी लागत नाही. म्हणून मार्चमधल्या एका दुपारी वर्ग अंगणात नेला. एका मुलाने घरून टेंभा आणला होता. तो पेटवून रोमिओच्या हातात दिला आणि सज्जाचा प्रवेश वाचायला सुरुवात केली.

खान्देशातल्या मार्चच्या उन्हात टेंभ्याची ज्योत दिसत नाही, नुसती हवा थरथरताना दिसते. मुलांच्या ते लगेच लक्षात आलं. मागून एकजण म्हणाला, “मॅडम, उजेड तर दिसतच नाही, मग रात्र कशी कळायची?” दुसऱ्याने उत्तर दिलं, “तो बोलतोय म्हणून कळतेय.” मला एवढंच हवं होतं. रोमिओ ‘ती पूर्व दिशा आणि ज्युलिएट सूर्य’ असं म्हणतो तेव्हा खरा सूर्य प्रेक्षकांच्या डोक्यावर तळपत असतो. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत असलेला सूर्य विसरायला लावून, नसलेल्या रात्रीत दुसरा सूर्य दाखवायचा, एवढं अवघड काम त्या ओळीकडून लेखकाने करून घेतलं आहे. ही ओळ छान आहे म्हणून वाचायची नाही. ती किती ओझं उचलते ते पाहायचं, आणि ते वर्गाच्या चार भिंतींत दिसलं नसतं.

तिथेच रावेरकडच्या एका मुलीने हरकत घेतली. प्रेयसीला सूर्य का म्हणायचं? आपल्याकडे चंद्र म्हणतात. सूर्याकडे बघवत तरी का? वैशाखात ४५ अंशांचं ऊन सोसणाऱ्या मुलुखात ही हरकत अगदी रास्त आहे. इंग्लंडच्या ढगाळ हवेतल्या माणसाला सूर्य जितका हवासा वाटेल तितका तो फैजपूर-सावद्याच्या माणसाला वाटणार नाही. पण रोमिओने चंद्र मुद्दाम बाजूला सारलाय, हे तिला मजकुरातच सापडलं. तो चंद्राला मत्सराने आजारी आणि फिकट म्हणतो आणि सूर्याला सांगतो, ऊठ आणि त्याला मारून टाक. पहिल्याच कौतुकात ‘मारून टाक’ येतं. थोड्या वेळाने तो चंद्राची शपथ घ्यायला लागतो, तर ज्युलिएट त्याला थांबवते. दर महिन्याला बदलणाऱ्या चंद्राची शपथ नको, तुझं प्रेमही तसंच निघायचं. तिच्यापुढे वेगळीच भीती आहे. आजचा हा करार फार अचानक झाला, विजेसारखा, ‘चमकली’ म्हणेपर्यंत विझून जाणारा, असं ती म्हणते. वर्गाने हे तक्त्यात लिहिलं तेव्हा पहिल्यांदा एक गोष्ट समोर आली. रोमिओच्या प्रतिमा डोळे दिपवतात आणि ज्युलिएटच्या प्रतिमा हिशेब करतात. चौदाच्या आतली मुलगी त्या सज्जावर दोघांत जास्त विचारी आहे.

भांडणाच्या भागावर मला फार वेळ द्यावा लागला नाही. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला रोमिओचा भाऊबंद बेनव्होलिओ म्हणतो, आज ऊन फार आहे, कॅप्युलेटची, म्हणजे ज्युलिएटच्या घराण्याची, माणसं बाहेर आहेत, समोरासमोर आलो तर भांडण टळणार नाही, अशा उन्हात रक्त डोक्यात जातं. हे समजावून सांगावं लागेल असा माणूस खान्देशात मिळणार नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काही गावांत नदीच्या पात्रात ‘बार’ होतो, दोन बाजू समोरासमोर येऊन शिव्या देतात, कुठे गोफणी चालतात आणि सण सरला की परत बोलणं सुरू होतं. मुलांनी लगेच फरक दाखवला. बाराला सुरुवात आणि शेवट ठरलेला असतो. व्हेरोनातल्या वैराला शेवट नाही, आणि ते कशावरून सुरू झालं तेही नाटकात कुणी सांगत नाही.

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येते.

तक्ता भरायला दिल्यावर चोपड्याकडची एक मुलगी, जी वर्गात कधीच बोलत नसे, तिने सगळं नाटक न घेता फक्त ज्युलिएट घेतली. तिच्या वहीत मधल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘सोमवारी संध्याकाळी तारे. मंगळवारी हाडं. मधे काय झालं?’

तिने पकडलेली जागा अशी. तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात, सोमवारी संध्याकाळी, ज्युलिएट एकटी आहे. लग्न होऊन काही तासच झालेत आणि बाजारात काय घडलं ते तिला अजून माहीत नाही. ती सूर्याच्या घोड्यांना पळा म्हणते आणि रात्रीला बोलावते. काळं लुगडं नेसलेल्या एखाद्या पोक्त बाईसारखी रात्र तिला हवी आहे. ती रोमिओला रात्रीतला दिवस म्हणते, आणि मरण आलं तर त्याचे छोटे छोटे तारे करून आकाशात लाव म्हणजे सगळं जग रात्रीच्या प्रेमात पडेल, असं म्हणते. या नाटकातला सगळ्यात मोकळा उजेड इथे आहे आणि तो एका मुलीच्या तोंडी आहे. चौथ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात, मंगळवारी, हीच मुलगी, त्यांचं लग्न लावणाऱ्या फ्रायर लॉरेन्स या धर्मगुरूपुढे उभी आहे. बापाने ठरवलेल्या पॅरिसशी लग्न लावण्यापेक्षा मला बुरुजावरून उडी मारायला सांगा, अस्वलांबरोबर साखळीने बांधा, मेलेल्यांच्या खडखडणाऱ्या हाडांनी भरलेल्या खोलीत रात्रभर कोंडा, असं ती म्हणते. मधे एक दिवससुद्धा पुरा गेलेला नाही.

वर्गातल्या बहुतेकांचं पहिलं उत्तर होतं की टिबाल्ट मेला आणि रोमिओ हद्दपार झाला म्हणून. ते अर्धं बरोबर आहे. टिबाल्टची बातमी ऐकल्यावर ज्युलिएटची भाषा तुटते. रोमिओला ती सुंदर जुलमी, देवदूतासारखा सैतान, कबुतराची पिसं ल्यालेला कावळा म्हणते. एकाच शब्दात दोन विरुद्ध गोष्टी कोंबते. पण त्यातही पिसं आहेत, देवदूत आहे. हाडं अजून आलेली नाहीत. ती बापामुळे आली, असं चोपड्याकडच्या मुलीचं म्हणणं होतं.

धरणगावच्या एका मुलाने तिला अडवलं, आणि चांगल्या ठिकाणी अडवलं. त्याने तिसऱ्याच अंकाच्या पाचव्या प्रवेशातली पहाट दाखवली. चंडोल ओरडला की बुलबुल, यावर दोघांची लाडिक ओढाताण होते. ज्युलिएट म्हणते, डाळिंबाच्या झाडावर रोज रात्री गाणारा तो पक्षी आहे, चंडोल नव्हे. आमच्या शेतांवर चंडोल असतो आणि डाळिंबाच्या बागा शेजारच्या सटाण्याकडे आहेत. त्यामुळे ही जागा मुलांना आपली वाटली. मग रोमिओ खाली उतरतो आणि वरून बघताना ज्युलिएटला तो कबरीच्या तळाशी पडलेल्या प्रेतासारखा दिसतो. त्या मुलाचं म्हणणं, बाप अजून आलेलाही नाही आणि कबर आली. त्याच्याही आधी, मेजवानीच्या रात्री, हा मुलगा कोण ते कळायच्या आधीच ज्युलिएट म्हणून गेली आहे की हा विवाहित असला तर कबरच माझी लग्नाची शेज होईल. मग बापाला दोष का?

मुलीने वहीवरून मान वर न करता उत्तर दिलं. तिथे तिला रोमिओ कबरीत दिसतो, स्वतः ती बाहेर आहे. मेजवानीला बोलली ते ‘असं झालं तर’ होतं. हाडांच्या खोलीत जायला ती स्वतः तयार होते ती नंतर.

मग आम्ही तो पाचवा प्रवेश मोठ्याने वाचला, भूमिका वाटून. एका मुलाने कॅप्युलेटचा भाग आधी इंग्रजीत वाचला. मग मी म्हटलं, तुझ्या घरच्या भाषेत बोलून बघ. तो उभा राहिला आणि म्हणाला, “मन्हा घरमा पाय ठेवू नको!” वर्ग एकदम गप्प झाला. इंग्रजीतली शिवी अभ्यासाची असते, ही नव्हती. कॅप्युलेट मुलीला गुरुवारी चर्चमध्ये यायचं बजावतो, नाही आलीस तर फरफटत नेईन म्हणतो. फाशी घे, भीक माग, उपाशी मर, रस्त्यावर मर, मी तुला ओळखणार नाही, असं म्हणून निघून जातो.

त्यानंतरच्या चार-सहा ओळी या सगळ्या प्रकरणाचं उत्तर आहेत. बाप गेल्यावर ज्युलिएट विचारते, माझ्या दुःखाच्या तळापर्यंत पाहील अशी दया ढगांत कुठेच बसलेली नाही का? आदल्या संध्याकाळी याच आकाशात ती तारे लावत होती. मग ती आईकडे वळते. हे लग्न एक महिना लांबव, एक आठवडा तरी लांबव. नाहीतर टिबाल्ट जिथे पडलाय त्या अंधाऱ्या थडग्यातच माझी लग्नाची शेज घाल. आई म्हणते, तुझं तू बघ, माझं तुझ्याशी काही उरलं नाही. मग उरते दाई, जिने तिला पाजलं, वाढवलं, जिने चोरून लग्न जुळवायला मदत केली. दाई सांगते, पॅरिसशी लग्न कर, त्याच्यापुढे रोमिओ म्हणजे नुसतं फडकं. बाप, आई आणि दाई एकाच प्रवेशात, एकामागून एक, हात काढून घेतात. लग्नाची शेज थडग्यात, ही प्रतिमा बरोबर बाप आणि आई यांच्या मधल्या फटीत जन्मते. त्यानंतर ज्युलिएट आकाशाला आपल्यासारख्या दुबळ्या जिवावर डाव टाकणारं म्हणते. तारे तिच्या तोंडी पुन्हा येत नाहीत.

या नाटकाबद्दल माझं जे म्हणणं आहे ते इथे उभं आहे. प्रतिमा हा काव्याचा दागिना समजून त्याचा अर्थ सांगण्यात काही हाती लागत नाही. माणसाच्या बोलण्यातली प्रतिमा कुठे बदलली ते शोधावं आणि त्या दोन टोकांच्या मधे त्याच्यावर काय गुदरलं ते विचारावं. ज्युलिएटच्या बाबतीत घाव कुठे बसला ते तिच्या शब्दांत नोंदलेलं आहे, आणि तो घाव वैऱ्याच्या घरातून आलेला नाही.

रोमिओचं काय, हा प्रश्न अर्थात आला. रोमिओ पाचव्या अंकातही उजेडाचीच भाषा बोलतो. थडग्यालाही तो आधी मरणाचा जबडा म्हणतो, पण आत ज्युलिएट दिसताच ती जागा त्याला दिव्यांनी उजळलेल्या मेजवानीच्या दालनासारखी वाटते. धरणगावच्याच मुलाने कारण सांगितलं आणि ते मला पटलं. रोमिओ खिडकीतून उतरून गेला तेव्हा बाप अजून आला नव्हता. त्याने तो प्रवेश ऐकलेलाच नाही. त्याच्यासाठी ती अजून मेजवानीतलीच मुलगी आहे. याहून जिव्हारी लागणारी गोष्ट पुढे आहे. तिच्या ओठांवर, गालांवर अजून लाली आहे, मरणाचा फिका झेंडा इथवर पोचलेला नाही, असं तो म्हणतो. तो जे बघतोय ते खरं आहे! ती जिवंत आहे, फ्रायरने दिलेल्या, मेल्यासारखं झोपवणाऱ्या औषधाचा अंमल उतरत चाललाय, रक्त परत गालांवर येतंय. आयुष्यभर उपमा देत आलेल्या मुलाने एकदाच डोळ्यांसमोरची खरी गोष्ट सांगितली आणि तीही उपमाच समजला. ही जागा वाचताना मला दरवेळी थांबावं लागतं.

नशिबाचा मुद्दा मुलांनी सोडला नाही. प्रस्तावनेच्या चौदा ओळींतच ग्रहांनी मोडलेली जोडी असं म्हटलंय, मग पत्रिकाच जुळत नव्हती, असा एका मुलाचा आग्रह होता. मी त्याला वेळेचा रकाना वाचायला सांगितला. पहिल्या अंकात कॅप्युलेट पॅरिसला सांगतो, अजून दोन उन्हाळे जाऊ देत, मुलगी लहान आहे. सोमवारी रात्री तो म्हणतो, बुधवार फार लवकर होईल, गुरुवारी लग्न. मंगळवारी म्हणतो, उद्याच. दोन वर्षांचे तीन दिवस झाले, तिनाचा एक झाला, आणि हे ग्रहांनी केलेलं नाही. फ्रायर लॉरेन्सने बंदुकीची दारू आणि ठिणगीचा दाखला रोमिओला दिला होता, चुंबन घेता घेता दोन्ही नष्ट होतात म्हणून. तो घरातल्या थोरांना लागू पडतो. एवढं मात्र खरं की रोमिओपर्यंत औषधाचा बेत कळवणारी फ्रायरची चिठ्ठी पोचत नाही ती साथीच्या संशयाने दूत घरात कोंडला गेल्यामुळे. करोनाच्या काळात बंद गल्ल्या पाहिलेल्या मुलांनी त्याला योगायोग म्हणायला नकार दिला. साथ आली की असंच होतं, म्हणाली. त्यावर आमचं एकमत झालं नाही.

शेवटचा प्रवेश शिकवताना मी काळजी घेते. समोर एकोणीस-वीस वर्षांची मुलं असतात. त्यांच्यापैकी कुणाच्या मनात काय चाललंय, कुणाच्या घरी कुठल्या स्थळावरून वाद चाललाय, ते आपल्याला ठाऊक नसतं. परजातीतलं लग्न हा इथे पुस्तकातला विषय नाही. त्यामुळे त्या दोघांच्या मरणावर मी वर्गाला रेंगाळू देत नाही, आणि ते सुंदर आहे असं कधी म्हणत नाही. शेक्सपिअरही तिथे पडदा पाडत नाही. त्यांच्यानंतर पहारेकरी येतात, राजा येतो, आईबाप येतात, फ्रायर सगळी हकिगत पुन्हा सांगतो. बराच वेळ जिवंत माणसांचा आहे.

त्या जिवंतांत वर्गाला सगळ्यात मोठी गोष्ट सापडली. त्याआधी, चौथ्या अंकात, मुलगी मेली असं वाटल्यावर कॅप्युलेट म्हणाला होता की मृत्यू माझा जावई, मृत्यूच माझा वारस, लग्नाची फुलं आता प्रेतावर घाला. आमच्याकडे काही घरांत लग्नाआधी गेलेल्या मुलीला हळद लावून, नवरीसारखी नटवून नेतात. मुलाचं आधी रुईशी लग्न लावतात. मुलांना ते माहीत होतं. म्हणून ती प्रतिमा त्यांना विचित्र वाटली नाही, जड वाटली. मग शेवट वाचला. दोन्ही बाप मुलांच्या प्रेतांपाशी उभे आहेत. कॅप्युलेट रोमिओच्या बापाचा, माँटेग्यूचा, हात मागतो आणि म्हणतो, वरपक्षाकडून माझ्या मुलीचं देणं म्हणून एवढंच समजतो, जास्त मागत नाही. माँटेग्यू म्हणतो, मी जास्त देतो, तिचा शुद्ध सोन्याचा पुतळा उभारतो. कॅप्युलेट म्हणतो, मग तितकाच भारी रोमिओचाही, तिच्या शेजारी.

मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, हाई ते लगननी बैठक शे.” आणि लगेच दुसरा, “पोर मरी गई, तरी देवाण-घेवाण चालूच शे.”

कुठल्याच गाईडमध्ये हे मी वाचलेलं नाही आणि हे शंभर टक्के मजकुरात आहे. यादी, देणंघेणं, मानपान, कोण किती करणार, हे ज्यांनी घरच्या ओसरीवर बसून ऐकलंय त्यांनाच ते इतक्या पटकन ऐकू येतं. दोन घरांचं वैर मिटतं, पण ज्या भाषेने मुलीचा सौदा केला ती भाषा मिटत नाही. त्या पुतळ्यांवर उजेड पडतो का, हेही वर्गानेच पाहिलं. त्या सकाळी दुःखाने सूर्य उगवणार नाही, असं राजा म्हणतो.

निकालाबद्दल थोडं. पुढच्या चाचणीत बऱ्याच जणांनी तक्ता वापरून लिहिलं, काहींचं इंग्रजी अडखळत होतं पण म्हणणं स्वतःचं होतं. काहींनी पुन्हा गाईडच लिहिलं. विद्यापीठाच्या पेपरात तेच सुरक्षित, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, आणि त्यांच्या भीतीवर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मी एवढंच केलं की माझ्या हातातल्या गुणांपुरतं, चूक इंग्रजीतल्या खऱ्या निरीक्षणाला शुद्ध इंग्रजीतल्या पाठ उत्तरापेक्षा वर ठेवलं, आणि तसं आधी जाहीर केलं. प्रश्नही बदलला. आता मी विचारते, ‘एक पात्र निवडा. त्याच्या बोलण्यातली प्रतिमा जिथे बदलते ती जागा दाखवा आणि त्याआधी काय घडले ते लिहा.’

केळीवाल्या घरांतल्या दोन मुलांनी यंदा कॅप्युलेट घेतला आहे. पहिल्या अंकात हा बाप म्हणतो की माझ्या सगळ्या आशा जमिनीने गिळल्या, ही एकटी उरली, माझ्या जमिनीची आशा हीच. चौथ्या अंकात त्याच मुलीकडे बघून म्हणतो, सगळ्या शेतातल्या सुंदर फुलावर अवेळी हिमकण पडावेत तसा मृत्यू हिच्यावर पडलाय. थंडीत केळीवर चरका पडला की बाग कशी दिसते ते या मुलांनी पाहिलं आहे. जमीन आणि मुलगी यांना हा माणूस एकच समजत होता का, आणि समजत असेल तर मधल्या तिसऱ्या अंकात त्याने तिला जमिनीवरून हाकलायची धमकी कशी दिली, इथपर्यंत त्यांचा तक्ता आला आहे.